बाही साडेबावीस

(शिंप्याच्या दुकानामागची खोली. पौर्णिमेनंतरची सकाळ, आठ वाजलेले. शिंप्याची बायको कापडाच्या ताग्यांना टेकून बसली आहे, अंगावर दोन रजया. समोर हाडांची डॉक्टर गुडघ्यांवर, शेजारी शिंपी.)

डॉक्टर: थांबा, हलू नका. हे गळ्याखालचं हाड. हे रात्री नव्हतं म्हणता?

बायको: नव्हतं.

डॉक्टर: म्हणजे मोडलं होतं, असं?

बायको: नव्हतं म्हणजे नव्हतं. विरघळलं. लांडगीला ते हाड नसतंच. तुम्हीच मघाशी म्हणालात.

डॉक्टर: म्हणाले खरी. पुस्तकात वाचलेलं म्हणाले. पण बोटाखाली असं कोवळं, गरम... बाप रे! ताई, हे अजून वाढतंय. माझ्या बोटाखाली वाढतंय हे!

बायको: मग बोट काढा. दुखतंय.

शिंपी: मी सांगत नव्हतो, डॉक्टर? दवाखान्यात हिचा फोटो काढलात, तर तुम्ही मलाच वेड्यात काढलंत. म्हणे, मास्तर, हा फोटो तुमच्या बायकोचा नाही, कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचा आहे.

डॉक्टर: सत्तेचाळीस वर्षांची बाई आणि खांद्यात तीन आठवड्यांचं हाड. दुसरं काय म्हणणार होते मी?

शिंपी: म्हणून म्हटलं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला या आणि डोळ्यांनी बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

डॉक्टर: बघितलं. शेवटची वीस मिनिटं बघितली. इथं पंजा होता. मग बोटं सुटी झाली. मग तो अंगठा! वर मनगटापाशी कुठंतरी होता तो, आणि खाली सरकत सरकत आपल्या जागेवर येऊन बसला.

बायको: अंगठा नेहमीच उशिरा येतो. आळशी आहे. मालकावर गेलाय.

शिंपी: ऐकलंत? अजून नीट उभं राहता येत नाही, पण जिभेला धार आली.

डॉक्टर: जिभेचं सांगा. आवाज असा बसलेला किती दिवस राहतो?

बायको: दोन दिवस. जबडा पुढे जाऊन मागे येतो ना, त्यात घसा ताणला जातो. दातही अजून दोन जास्तीचे आहेत, हे बघा, इथं मागे. दहा जास्तीचे येतात. आठ पडले. हे दोन संध्याकाळपर्यंत पडतील.

डॉक्टर: पडले की मला द्याल?

बायको: दोन कशाला, बरणीभर घेऊन जा. यांना काही टाकवत नाही. अंगावरचे केस गळतात तेही जपून ठेवतात.

शिंपी: ठेवत नाही, वापरतो. चांगला माल आहे. कोटाच्या खांद्यात भरायला कापसापेक्षा सरस.

डॉक्टर: मास्तर! गिऱ्हाइकांच्या कोटात?

शिंपी: एकाची तक्रार नाही. ऊब येते म्हणतात.

बायको: तक्रार कशी नाही? वकीलसाहेब रस्त्यानं निघाले की गल्लीतली सगळी कुत्री मागे लागतात त्यांच्या. ते म्हणतात, मी केस हरलो म्हणून भुंकतात. आणि मी टपालाची पिशवी घेऊन दारोदार फिरते, पण माझ्यावर आजवर एक कुत्रं भुंकलेलं नाही. बाकीच्या टपालवाल्यांच्या पोटऱ्या बघा, चाळण झालीय. मला बघून कुत्री उठून उभी राहतात. एक म्हातारा कुत्रा तर बाजूला होऊन वाट देतो.

डॉक्टर: मला लिहून घेऊ द्या. एकेक सांगा. सुरुवात कशानं होते?

बायको: भुकेनं. तीन दिवस आधी. दूध, अंडी, हाडांचं सूप, काय मिळेल ते. आणि पांढरं काही दिसलं की खावंसं वाटतं. भिंतीचा चुना. यांचे खडू.

शिंपी: कापडावर खुणा करायचे खडू. पूर्वी मला वाटायचं उंदीर नेतात. पिंजरा लावला. सापडली ही.

डॉक्टर: बरोबर आहे! अंग साठा करतं. जबड्याला, दातांना लागणारा चुना आधी गोळा करायचा, उरलेला गळ्याच्या हाडातून काढायचा, आणि परत येताना इकडचा तिकडे! आणि वजन?

शिंपी: तेवढंच. दोन वजनकाटे आणले होते मी. पुढचे पाय एकावर, मागचे दुसऱ्यावर, आणि बेरीज. अठ्ठावन्न किलोची बाई, अठ्ठावन्न किलोची लांडगी. एक तोळा इकडचा तिकडे नाही.

डॉक्टर: उभी राहिली काट्यावर? लांडगी?

शिंपी: माझं मशीन चालू असलं की शांत असते. टकटक ऐकत पडते, वळवली तशी वळते. त्या कोपऱ्यात, अस्तराच्या कापडावर.

बायको: मला त्यातलं फारसं आठवत नाही. वास आठवतात. तेलाचा, नव्या कापडाचा, यांचा. शब्द मात्र एकही राहत नाही. तो सगळा वेळ डोक्यात कुणी बोलतच नाही. छान असतं ते. खोटं कशाला बोलू?

डॉक्टर: आणि दुखणं?

बायको: दाढ दुखते ना, ती ठणक? तशी एकदम सगळी हाडं. टाच वर चढताना सगळ्यात वाईट. लोकांना वाटतं जनावराचा मागचा गुडघा उलटा असतो. गुडघा नसतोच तो, टाच असते. पाऊल ताणून ताणून वर नेलेली टाच. आणि मग ताप.

डॉक्टर: किती?

शिंपी: साडेएक्केचाळीस. ओला सदरा अंगावर टाकला तर वाळून निघेल. त्यात तिकडे, लांडगीच्या अंगात, घाम नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकते. तीन बादल्या पाणी पिते.

डॉक्टर: साडेएक्केचाळीसला माझे पेशंट भिंतीशी गप्पा मारतात. ताई, मी अठरा वर्षं हाडं जोडतेय. सळ्या घालते, पट्ट्या बसवते, सहा सहा आठवडे वाट बघते. माझ्या हातून एकही हाड इतकं सरळ जुळलेलं नाही. तुमचं अंग दोनशे हाडं उसवतं आणि चाळीस मिनिटांत पुन्हा शिवून टाकतं. कुठं गाठ नाही, कुठं चुणी नाही. आणि ही कातडी! ताणली जाते तर फाटत कशी नाही?

शिंपी: माया आहे आत.

डॉक्टर: काय आहे?

शिंपी: आमच्याकडे कापड कापताना शिवणीच्या कडेला दोन बोटं जास्त सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढे माणूस जाड झाला तर उसवून तेवढं वाढवता येतं. माया नसली की कपडा गेला. हिला ज्यानं कापलं तो कसलेला कारागीर, डॉक्टर. कातडीत, शिरांत, सगळीकडे भरपूर माया सोडलीय. मी एकोणीस वर्षं बघतोय आणि अजून मला शिवण सापडलेली नाही.

डॉक्टर: आमच्या पुस्तकात या गोष्टीला शब्दच नाही.

बायको: झालं माझं कौतुक? उठू का? अंगाला अस्तराचा दोरा न् दोरा चिकटलाय. अंघोळ करते.

शिंपी: आधी रीळ.

बायको: अहो, डॉक्टर बसल्यात.

शिंपी: बसू दे. हे कुठलं?

बायको: हिरवं.

शिंपी: आणि हे?

बायको: लाल. दिसतंय लाल. आलं सगळं जागेवर.

शिंपी: तिकडे लाल दिसत नाही हिला. सकाळी लाल ओळखलं की मी चहा टाकतो. जा, पाणी तापलंय. भिंतीला धरून जा.

डॉक्टर: पडणार नाही ना?

शिंपी: नाही. तिला धरलेलं आवडत नाही. दार लागलं का? लागलं. डॉक्टर, आता हळू बोला. कान अजून तिकडचे आहेत, पण नळ सुरू असला की आपलं ऐकू जात नाही.

डॉक्टर: काय झालं? चेहरा का असा उतरला?

शिंपी: ते औषध असतं ना, हाडं विरघळू न देणारं? म्हाताऱ्या माणसांना देतात ते. माझ्या आईला देत होते. ते हिला द्या.

डॉक्टर: काय बोलताय, मास्तर? ते दिलं तर बदल अर्ध्यावर अडकेल. अर्धं हाड विरघळलंय, अर्धं नाही. तुमचं मशीन मधेच अडकलं तर काय होतं?

शिंपी: सुई मोडते.

डॉक्टर: मग? एवढं सुंदर चाललंय, त्याला खीळ कशाला?

शिंपी: सुंदर दिसतं. पण ती पूर्ण परत येत नाही, डॉक्टर.

डॉक्टर: म्हणजे?

शिंपी: कमी होतेय. ही वही बघा. लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपासून माप घेतोय. तिला परत यायला सोपं जातं. पहाटे ती बदलायला लागली की मी समोर बसतो, टेपनं एकेक माप घेतो आणि मोठ्यानं म्हणतो. मनगट सहा. दंड साडेदहा. बाही साडेबावीस. आकडे ऐकत ऐकत ती येते. ती म्हणते, अंधारात कठडा धरून जिना उतरावा, तसं. आता पानं उलटा. पहिल्या वर्षी बाही किती?

डॉक्टर: साडेबावीस.

शिंपी: सहाव्या वर्षी?

डॉक्टर: सव्वाबावीस.

शिंपी: बाराव्या वर्षी बावीस. आजची सकाळ?

डॉक्टर: पावणेबावीस.

शिंपी: पाऊण इंच हात गेला कुठं? छाती गेली, पाठ गेली, उंची गेली. दर पौर्णिमेला थोडी थोडी तिकडेच राहतेय ती. साबणाची वडी झिजते तशी झिजतेय माझी बायको, आणि मी नुसता वहीत लिहितोय.

डॉक्टर: तिला ठाऊक आहे?

शिंपी: कसं सांगू? पहाटे आकडा म्हणताना मी जुनाच म्हणतो. डोळ्यांपुढे पावणेबावीस, तोंडानं साडेबावीस. आणि कळू नये म्हणून बेतानं कपडे शिवतो. तिचा गणवेशाचा कोट दर दोन वर्षांनी नवा, नव्या मापाचा. नाहीतर बाही लोंबेल आणि तिच्या लक्षात येईल. खुंटीसुद्धा एक इंच खाली घेतलीय, हात पुरावा म्हणून.

डॉक्टर: मास्तर...

शिंपी: गेली अकरा वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. आज बोललो, कारण तुम्ही तिच्याकडे बघत होता तसा मीच फक्त बघत होतो आजवर. नळ बंद झाला. मी दूध आणि अंडी घेऊन येतो, तुम्ही काही बोलू नका. अगं, मी कोपऱ्यावर जाऊन येतो!

बायको: दोन डझन आणा! गेले? गेले. बरं झालं. डॉक्टर, मलाही तुमच्याशी बोलायचं होतं.

डॉक्टर: बसा आधी. केस ओले आहेत. हात द्या, नाडी बघते. अरे, दीडशेच्या खाली नाही अजून.

बायको: संध्याकाळपर्यंत उतरते. एक विचारू? खरं सांगाल?

डॉक्टर: विचारा.

बायको: लांडगीपण अंगात राहून जातं का? म्हणजे दर वेळी थोडं थोडं?

डॉक्टर: असं का वाटलं?

बायको: हा कोट बघा. गणवेशाचा. गेल्या महिन्यात शिवलाय. घालून दाखवते. बाही कुठवर आली?

डॉक्टर: मनगटाच्या वर.

बायको: बोटभर वर. पिशवीत हात घातला की मनगट उघडं पडतं. आधीचा कोट याहून बरा होता, त्याच्या आधीचा त्याहून. पाठीतही काचतो. बटण लावताना श्वास रोखावा लागतो. यांच्या हातचा कपडा आजवर कुणाला सुतभर चुकला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे कोट चुकत नाही. मी चुकतेय. हात लांब होताहेत माझे, डॉक्टर. छाती पुढे येतेय. लांडगीची असते तशी. ही खुंटी, लग्न झालं तेव्हा मी टाचा उंचावून कोट लावायची. आता तशीच हात पुरतो.

डॉक्टर: खुंटी...

बायको: आणि पहाटे हे साडेबावीस म्हणतात ना, तेव्हा खोटं बोलतात. इतक्या वर्षांत आवाज ओळखू येत नाही का? टेपवरचा आकडा वेगळा असतो आणि तोंडातला वेगळा. मी विचारलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल त्यांना.

डॉक्टर: मग काय ठरवलंत?

बायको: जायचं. डोंगरावर एक टपालघर आहे, दोन वर्षं तिथं जायला कुणी तयार नाही. बदलीचा अर्ज लिहिलाय. पिशवीत आहे. आज दुपारपर्यंत द्यायचा आहे.

डॉक्टर: आणि मास्तर?

बायको: त्यांच्यासाठीच तर. एक ना एक पौर्णिमा अशी येईल की मी परत येणारच नाही. आणि हा माणूस समोर बसलेला असेल. टेप घेऊन. मनगट सहा, दंड साडेदहा. तो उठणार नाही, डॉक्टर. दात दाखवले तरी उठणार नाही, चावा घेतला तरी आकडे म्हणत बसेल. आणि चावणारी मी नसेन. मला ते नकोय. माझ्याच तोंडून, माझ्याच दातांनी नकोय. वाईट वाटतं मला. हसताय काय? डॉक्टर, तुम्ही हसताय?

डॉक्टर: नाही. हो. माफ करा. एक मिनिट. हात लांब होतोय म्हणालात? नक्की लांब?

बायको: मग काय आखूड? आखूड कशाला होईल?

डॉक्टर: मास्तर! ओ मास्तर! आलात का? अंडी खाली ठेवा आणि आत या. पटकन.

शिंपी: काय झालं? काय झालं तिला? अगं—

डॉक्टर: तिला काही नाही झालं. तुम्हा दोघांना झालंय. बसा. हे बघा, डॉक्टर म्हणून मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. पण तुम्ही दोघांनी एकाच हाताबद्दल मला दोन गोष्टी सांगितल्यात. एक म्हणतो हात आखूड होतोय, एक म्हणते लांब होतोय. हात एकच. मग कुणाचं ऐकायचं?

बायको: आखूड? कोण म्हणतं आखूड?

शिंपी: लांब? कुणाचा हात लांब?

डॉक्टर: गप्प बसा दोघं. ही माझी टेप. स्टीलची. पायांत कमीजास्त किती ते मोजायला असते. ताई, हात सरळ. मास्तर, तुमची बाही कुठून मोजता? खांद्याच्या टोकापासून? वाचा तुम्हीच.

शिंपी: साडेबावीस.

डॉक्टर: नीट वाचा.

शिंपी: साडेबावीस, डॉक्टर. थांबा, चष्मा. साडेबावीस. कसं शक्य आहे? मी सकाळीच घेतलं, तुम्ही समोर होता. पावणेबावीस भरली.

डॉक्टर: तुमची टेप आणा. ती नाही, ती दुकानातली. सकाळी ताईंना लावलीत ती.

शिंपी: ही फक्त हिचीच. गिऱ्हाइकाला लावत नाही. पहिल्या दिवसापासून एकच टेप ठेवलीय मुद्दाम. टेप बदलली की मापात फरक पडतो, मग कळणार कसं फरक टेपचा की अंगाचा? एकच असली म्हणजे शंका नको.

डॉक्टर: लावा ती कापायच्या टेबलावरच्या पितळी पट्टीला. शून्यावर शून्य. धरलं? आता टेपचं पावणेबावीस पट्टीवर कुठं येतं?

शिंपी: थांबा, परत लावतो. शून्यावर शून्य.

बायको: अहो, कुठं येतं?

शिंपी: साडेबावीसवर.

डॉक्टर: ताणलीय ती. एकोणीस वर्षं. टेप लांब झाली, म्हणून आकडा कमी भरला. आणि कापड तुम्ही त्या टेपनं कापत नाही, कापता पितळी पट्टीवर. म्हणून कोट आखूड. ताई, तुम्ही आहात तेवढ्याच आहात. एकोणीस वर्षांत सुतभर फरक नाही.

शिंपी: शिंपी म्हणवतो मी स्वतःला. चाळीस वर्षं या धंद्यात. पोराटोरांना पहिल्या दिवशी शिकवतो, बाबांनो, टेप ताणते, महिन्याला एकदा पट्टीशी लावून बघा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायको: आणि खुंटी? खुंटी कशी खाली आली?

शिंपी: ती मी घेतली खाली. तुला पुरावी म्हणून.

बायको: मला वाटलं मी उंच झाले! अहो, सहा महिने मी मान खाली घालून चालतेय, लोकांना दिसू नये म्हणून!

शिंपी: मला वाटलं, कमी होतेय हे तुला आतून जाणवतंय, म्हणून खचलीस.

बायको: खचले कसली! श्वास रोखून चालत होते, तुमच्या कोटात!

डॉक्टर: धन्य आहे दोघांची. हाडं वितळून परत येतात, दहा दात उगवून पडतात, त्यात काही चुकलं नाही. चुकलं काय, तर कापडाची एक पट्टी.

शिंपी: आणि मी आकडा खोटा म्हणत होतो. अकरा वर्षं, दर पौर्णिमेच्या पहाटे. साडेबावीस, साडेबावीस. तो खरा निघाला.

बायको: मला ठाऊक होतं तुम्ही खोटं बोलताय.

शिंपी: ठाऊक होतं? आणि तरी?

बायको: तरी त्याच आकड्यावर येत होते ना. दुसरा होता कुठं माझ्याकडे?

डॉक्टर: आता माझं ऐका. एक गोष्ट मात्र खरी आहे, ती लपवत नाही. हाडं तुमची दर महिन्याला नवी. पण हृदय नवं होत नाही. ते सत्तेचाळीसचंच आहे आणि दोन्ही अंगं तेच ओढतंय. मघाशी नाडी दीडशे होती, आता एकशे चाळीस. मजबूत आहे. असं हृदय मी ऐकलेलं नाही. पण त्याला विश्रांती हवी. पौर्णिमेनंतर चार दिवस रजा. पिशवी उचलायची नाही.

बायको: टपाल कोण वाटेल?

डॉक्टर: ज्याच्या पोटऱ्या चावून घ्यायच्या असतील तो.

शिंपी: पिशवी मी उचलून ठेवतो. अगं, ही बघ, किती जड. आणि हे वरती काय आहे? अर्ज? बदलीचा?

बायको: द्या इकडे.

शिंपी: डोंगरावर?

बायको: अहो, द्या म्हणते ना.

शिंपी: तू जाणार होतीस.

बायको: हो.

शिंपी: मला न सांगता?

बायको: सांगितलं असतं तर तुम्ही मशीन डोक्यावर घेऊन मागून आला असता.

शिंपी: आलोच असतो. मग? तिथं लोक कपडे घालत नाहीत का? ...तुला वाटलं तू मला चावशील.

बायको: वाटलं नाही. भीती वाटली. फार वाटली हो. रोज सकाळी तुम्ही झोपेत असताना तुमच्या गळ्याकडे बघायची मी.

डॉक्टर: मी अंडी उकडायला ठेवते. स्वयंपाकघर कुठं? नको, सापडेल.

शिंपी: रडू नकोस. लाल दिसायला लागलं की तुझ्या डोळ्यांत पाणी येतंच, तेवढंच पुरे. फाडू अर्ज?

बायको: मीच फाडते. द्या.

शिंपी: असं. आणखी बारीक. बरं, आता एक सांग, टेप ताणली कशी? मी तर जपून वापरतो. ओली होते तुझ्या घामानं, पण ओली झाली म्हणून पाऊण इंच?

बायको: माझ्यामुळे. पहाटे तुम्ही टेपचं टोक माझ्या हातात देता ना, धर म्हणून? बोटं यायला लागली की मी ते ओढते. ठणक येते तशी ओढते. जोरात. दर वेळी.

शिंपी: ते टोक तर तू मोजायला धरायचीस.

बायको: मोजायला कुठलं. दुसरं काही हाताशी नसायचं.

शिंपी: माझा हात होता की समोर.

बायको: नखं असतात तेव्हा. सोलून निघाला असता. तुमचं पोट त्याच हातावर.

शिंपी: बरं. पुढच्या पौर्णिमेला टेप नको. मापं मला पाठ आहेत, तोंडी म्हणेन.

बायको: आणि मी काय धरू?

शिंपी: माझी बाही धर.

बायको: फाटेल.

शिंपी: फाटू दे. शिंपीच आहे मी.